न कुरकुरणारा सोफा

मी हसत नाही. हे घमेंडीने सांगत नाही, धंदा म्हणून सांगतो. आमच्या फ्लॅटबुश भागात घरातलं कुणी गेलं की लोक ड्वायरकडे येतात, आणि ड्वायर म्हणजे मी, ऑगस्टिन ड्वायर. मयताला आंघोळ घालून, कपडे चढवून, फुलात ठेवून, नातेवाइकांना खुर्च्यांवर बसवून, शेवटी गाडीतून कब्रस्तानापर्यंत पोहोचवणं हे माझं काम. न्हाव्याने हसावं, खाटकाने हसावं, वकिलाने तर हसावंच. पण ज्याच्या हाती आपण वडिलांना सोपवून आलो तो माणूस दारामागे खिदळताना ऐकू आला, तर आईच्या वेळेला लोक दुसरीकडे जातील, यात त्यांची काय चूक?

धंदा माझ्या वडिलांचा. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. दाराच्या बिजागरीला तेल आणि आपल्या तोंडाला कुलूप. शोकाकुल मंडळींना म्हणायचं एक वाक्यही त्यांचंच : "घाई नको. आता वेळच वेळ आहे." हे वाक्य म्हणण्याची एक पद्धत आहे. आधी सोफ्यावरची उशी सरळ करायची, मग एक पाऊल मागे सरकायचं, हात पोटावर बांधायचे आणि मग म्हणायचं. लोकांना फार धीर येतो. आपण हे करताना कसे दिसतो ते मी कधी आरशात पाहिलेलं नाही. तशी गरजही वाटली नाही.

माझ्या या न हसण्याला सुरुंग लावायचा विडा एकाच माणसाने उचलला होता. तो म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, फेलिक्स हॅनिगन. रंगमंचावर गाणी, नकला आणि आपटाआपटी करून पोट भरणारा प्राणी. दर रविवारी जेवायला यायचा आणि माझ्यावर प्रयोग करायचा. बटाट्याला भाषण द्यायला लावायचा, नाकाने बासरी वाजवायचा, एकदा तर ग्रेव्हीच्या भांड्याशी प्रेमप्रकरण करून दाखवलं. मी त्याच्याकडे मयताच्या लांबच्या नातेवाइकांकडे बघतो तसा बघत जेवायचो.

"अरे एकदा तरी हस ना त्याच्यासाठी," डेलिया, म्हणजे माझी बायको, चिडायची. "आज रविवार आहे. दुकान बंद आहे."

"आपलं दुकान कधी बंद असतं?" मी विचारायचो.

मग बोलपट आले. ज्या नाट्यगृहात फेलिक्स रोज दोनदा आपटायचा, त्याच्या मालकाने एके दिवशी रंगमंचाच्या फळ्या काढल्या आणि तिथे कपाटाएवढे कर्णे बसवले. गावातले झाडून सगळे नकलाकार रस्त्यावर आले. फेलिक्सला मात्र नशिबाने एक संधी मिळाली. आमच्याच भागात, डोक्यावरून आगगाडी जाते तिथे, एका कंपनीने बोलपटाची शेड उभारली होती. त्यांना एका रिळाचा विनोदी बोलपट हवा होता. त्यात तीन गाणी, दोन नाचणाऱ्या मुली, एक सोफा आणि फेलिक्स. पसंत पडला तर आणखी सहा बोलपट. नाही पडला तर काय, ते डेलियाने सूप वाढता वाढता जाहीर करून टाकलं.

"नाही जमलं तर सोमवारपासून फेलिक्स तुझ्याकडे कामाला येईल. मी ठरवलंय."

माझा चमचा हवेतच राहिला. फेलिक्सने मागे एकदा एका मयताला खुर्च्या मांडायला मदत केली होती, तेव्हा त्याने खुद्द विधवेला हसवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती बाई माझे आभार मानायला आली. लोकांनी ते पाहिलं. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नव्हतो, आणि हा आता रोज काळा टाय लावून माझ्या दारात उभा राहणार!

फेलिक्सचा चेहराही चुन्यासारखा पांढरा पडला होता. "ताई, मी तिथे मरून जाईन गं."

"सोय आहे," मी म्हणालो.

"भावजी, तुम्ही विनोद केलात!"

"मी माहिती दिली," मी म्हणालो आणि सूप पिऊ लागलो.

तर तात्पर्य असं की तो बोलपट जमणं ही माझ्या सात पिढ्यांच्या अब्रूची गोष्ट झाली होती. म्हणून दोन दिवसांनी फेलिक्स सोफा मागायला आला, तेव्हा मी नाही म्हणालो नाही. अडचण अशी होती, की बोलपटवाल्यांचे सगळे सोफे कुरकुरत होते. पूर्वीच्या मुक्या सिनेमात सोफा कुरकुरो की कोसळो, कुणाला ऐकू जात नव्हतं. आता मायक्रोफोन ते सगळं ऐकतो आणि मेणाच्या तबकडीवर कोरून ठेवतो. नायक नायिकेशेजारी बसला की सोफा असा ओरडायचा, की नायिकेचं चारित्र्य संशयाच्या भोवऱ्यात सापडायचं.

माझा सोफा कुरकुरत नाही. वडिलांनी तो मुद्दाम बनवून घेतलेला आहे, प्रत्येक स्प्रिंगला लोकरीचं कापड शिवून. तीन धिप्पाड बहिणी एकदम हंबरडा फोडून त्याच्यावर कोसळल्या तरी आवाज फक्त बहिणींचा येतो.

या सोफ्याची बातमी गल्लीत पोहोचायला काहीच वेळ लागला नाही, आणि सल्ले सुरू झाले. समोरचा लेंझ, खिळे-कुलुपं विकणारा, सांध्यासांध्यात अंगाला लावायची पावडर भरा म्हणाला. मी म्हटलं, "अहो लेंझ, तो कुरकुरतच नाही." "मग तर नक्की भरा," तो म्हणाला, "आज नाही कुरकुरत, उद्याचं काय?" वरच्या अंगाला राहणाऱ्या क्विल्टीबाईंचं मत निराळं होतं. या विधवा बाईंनी आमच्या वस्तीतलं एकही मयत चुकवलेलं नाही, आणि प्रत्येक ठिकाणी लवंगा टोचलेलं भाजलेलं हॅम घेऊन जातात. "मिस्टर ड्वायर," त्या म्हणाल्या, "माझा नवरा गेला तेव्हा मी त्या सोफ्यावर बसून रडले. आता त्याच्यावर नाचणाऱ्या पोरी बसणार?" मी म्हटलं, फक्त एकच बसणार, दुसरी उभी आहे. त्याने त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मग सोफा पाहायला कंपनीचा आवाजवाला आला. कानांवर डबडी लावून लावून त्याचे कान पोळीसारखे चपटे झाले होते. तो सोफ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला, उड्या मारल्या, आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मग दिवाणखान्याच्या मध्यभागी उभं राहून त्याने टाळी वाजवली.

"मिस्टर ड्वायर! तुमच्या घरात टाळीसुद्धा ऐकू येत नाही हो!"

"आमच्या गिऱ्हाइकांची त्याबद्दल कधी तक्रार आली नाही," मी म्हणालो.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, म्हणतात ते काही खोटं नाही. संध्याकाळपर्यंत कंपनीच्या गाडीतून माझे काळे मखमली पडदे गेले, कारण त्यांच्या शेडमध्ये आवाज घुमत होता. मग गालिचे गेले. मग घडीच्या खुर्च्या गेल्या, कारण वादकमंडळी बसली की त्यांच्या खुर्च्या करकरत होत्या. मग पितळेच्या दोन मोठ्या फुलदाण्या गेल्या, कारण त्यात मायक्रोफोन लपतो. घर असं उघडंबोडकं झालं, की माझ्याच बुटांच्या आवाजाने मी दोनदा दचकलो.

आणि मग मला खरी भीती वाटायला लागली. आता कुणी गेलं तर? मी वस्तीभर फिरून ज्याची त्याची तब्येत विचारू लागलो. "कसे आहात? खोकला कसा आहे? जिने जरा बेतानेच चढा बरं." आयुष्यात प्रथमच मी शेजाऱ्यांना इतक्या मनापासून दीर्घायुष्य चिंतत होतो. पण माझ्यासारख्याने तब्येत विचारली की लोकांना काय वाटतं याचा मी विचार केला नाही. म्हातारा बेकरीवाला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे गेला. ड्वायरला काहीतरी कळलंय, अशी कुजबुज सुरू झाली.

राहता राहिला सोफा. तो कंपनीच्या गाडीतून पाठवायला डेलिया तयार नव्हती. "ते लोक त्याचा पाय मोडतील. आपल्याच गाडीतून न्यायचा." आपली गाडी म्हणजे मयताची गाडी. मी कायद्याने चालणारा माणूस, म्हणून पालिकेच्या कचेरीत परवानगी काढायला गेलो. खिडकीतल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोफा मेलेला आहे का?"

"सोफा आहे," मी म्हणालो.

"मग नेता येणार नाही. तुमच्या गाडीत मयतच हवं. सामान न्यायचं तर मालवाहू परवाना. तो हवा तर गाडीचा रंग काळा चालत नाही."

"आणि मयतासोबत सोफा नेला तर?"

"मयत कुठाय?"

"ते नाहीये."

"मग आणा," तो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

कायदा पाळून सोफा हलत नाही म्हटल्यावर डेलियाने तोडगा काढला. सोफ्यावर काळी चादर घालायची, वर फुलांचं चक्र ठेवायचं आणि गंभीर चेहऱ्याने निघायचं. गंभीर चेहऱ्याची अडचण नव्हतीच. डेलिया माझ्या शेजारी बसली. मांडीवर फेलिक्सचा इस्त्री केलेला चांगला काळा सूट, हातात त्याचे चकचकीत बूट, कारण बोलपटात त्याला तेच घालायचे होते. आणि गाडी सुरू झाल्याबरोबर ती रडायला लागली.

"आता काय झालं?"

"त्याला नाही जमलं तर बिचाऱ्याला तुझ्याकडे नोकरी करावी लागेल रे," ती हुंदके देत म्हणाली. या वाक्यात माझा जो अपमान होता तो मी मूग गिळून सहन केला.

क्विल्टीबाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांना काय दिसलं? काळी गाडी, फुलं, रडणारी डेलिया, तिच्या मांडीवर भावाचा चांगला सूट आणि बूट. आमच्याकडे माणसाचा चांगला सूट आणि बूट कुणी इतक्या प्रेमाने हातात धरून नेतं, ते एकाच प्रसंगी. बाईंनी छातीवर क्रूस काढला. मी सवयीप्रमाणे हॅट उचलून मान लववली. तिथेच घात झाला.

रस्त्यात त्या सोफ्याला जो मान मिळाला तो मला माझ्या मृत्यूनंतर मिळाला तरी मी धन्य होईन. पोलिसाने ट्रॅम थांबवली. बांधकामावरचे मजूर टोप्या काढून उभे राहिले. एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "फार दिवस आजारी होता का?" मी म्हटलं, "नाही, चांगला ठणठणीत होता." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

शेडच्या फाटकावर नवीनच पेच. तिथल्या कामगार संघटनेचा माणूस सोफ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "मयताच्या गाडीतून आलंय, म्हणजे आमची माणसं हात लावणार नाहीत. आणि फर्निचर आहे, म्हणजे तुमची माणसं आत आणणार नाहीत." तडजोडीची सगळी भाषणं झाली. सोफा आपला अंगणात उन्हात. शेवटी फेलिक्स बाहेर आला, सूट-बूट चढवून, आणि सरळ सोफ्यावर आडवा झाला. "नटाला चक्कर आली आणि त्याच्या नातेवाइकांनी त्याला उचलून आत नेलं, तर तुमच्या नियमात काही आहे?" त्या माणसाने नियमांची उजळणी केली. नव्हतं. मग मी आणि माझा गाडीवान, दोघांनी फेलिक्ससकट सोफा उचलला. फेलिक्स कसला गप्प पडून राहतोय! त्याने डोळे मिटले, हात छातीवर बांधले आणि चक्रातली एक लिली काढून बोटांत धरली.

आणि नेमका त्याच वेळी लेंझ आपली खिळ्यांची गाडी घेऊन समोरून चालला होता. मला तो दिसलाही. माझे हात गुंतलेले होते म्हणून मी फक्त दुःखाने मान हलवली, कारण फेलिक्स फार जड होता.

आत गेल्यावर मी थबकलो. माझे पडदे, माझे गालिचे, माझ्या खुर्च्या, माझ्या फुलदाण्या. मध्ये माझा सोफा. सगळे दबक्या आवाजात बोलत होते. जगात कुठेही गेलो तरी माझं घरच पुढे येऊन उभं राहतं असं वाटलं. कॅमेरा एका काचेच्या खोलीत कोंडला होता, कारण त्याची घरघर मायक्रोफोनला ऐकू गेली असती. त्यामुळे आतला माणूस गुदमरून अधूनमधून बाहेर येऊन श्वास घेत होता. वादक एका कोपऱ्यात. गाणं, नाच, बोलणं सगळं एकदम, सलग, एका दमात करायचं, कारण तबकडीवर एकदा कोरलं की काढता येत नाही आणि मध्ये जोडताही येत नाही. दिग्दर्शक पिंगरी नावाचा एक हडकुळा माणूस होता. त्याने लाल दिवा लावला आणि म्हणाला, "आता जो कुणी श्वास मोठ्याने घेईल त्याला मी गोळी घालीन."

फेलिक्सने सुरुवात केली. गोष्ट साधी होती. एक तरुण एका मुलीला मागणी घालायला येतो आणि बापाऐवजी सोफ्यालाच घाबरतो. त्याने पहिला विनोद केला आणि थांबला. आयुष्यभराची सवय! विनोद करायचा आणि हशाला जागा द्यायची. पण हसणार कोण? हसला की तबकडी गेली. शेडमध्ये चिडीचूप. फेलिक्सच्या कपाळावर घाम आला. दुसरा विनोद त्याने घाईत केला, तिसरा त्याहून घाईत, आणि पुढे तर असा सुटला की वादक दुसरं गाणं शोधत होते तेव्हा हा तिसरं संपवून खिडकीतून उडी मारून मोकळा झाला होता.

"तबकडी अर्धी रिकामी!" पिंगरी ओरडला.

दुसऱ्या खेपेला फेलिक्स हशासाठी इतका थांबला, की नाचणाऱ्या मुलीला वाटलं तो विसरला, आणि तिनेच त्याचं वाक्य म्हणून टाकलं. ती तबकडीही गेली.

"ज्यावर हसू येत नाही त्याला विनोद म्हणत नाहीत, मिस्टर हॅनिगन," पिंगरी म्हणाला. "कंपनीने आपल्याला मेणाची आणखी एकच तबकडी दिलीय. जेवून या. नंतर शेवटचा प्रयत्न."

फेलिक्स माझ्याजवळ येऊन बसला. तोंडाला रंग फासलेला, आणि रंगाखालचा माणूस एकदम म्हातारा झालेला. "भावजी, मला यांचे चेहरे दिसतात आणि माझे हातपाय गळतात. अंधारात बोलल्यासारखं वाटतं." मग बुटांकडे बघत म्हणाला, "काळा टाय कुठे मिळतो हो?"

इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे एकही गोष्ट गंभीरपणे मागितली नव्हती, आणि पहिली मागितली ती ही. मी त्याला म्हणणार होतो की घाई नको, आता वेळच वेळ आहे. पण ते वाक्य त्या वेळी काही माझ्या तोंडून फुटलं नाही.

तेवढ्यात दार उघडलं आणि आमची अख्खी गल्ली आत आली.

पुढे क्विल्टीबाई, डोक्यावर काळी जाळी, हातात झाकलेलं हॅम. मागे लेंझ, हॅट छातीशी धरून. त्याच्या मागे बेकरीवाला, त्याची बायको, आणि निदान तीसेक माणसं, सगळी काळ्या कपड्यांत. मयताच्या गाडीमागे जायला आमच्याकडे आमंत्रण लागत नाही. गाडी जिथे उभी असेल तिथे लोक आपले आपण येतात. आत आल्यावर त्यांनी माझे पडदे पाहिले, माझी फुलं पाहिली, आणि कुणाला काही न विचारता रांगेत माझ्या खुर्च्यांवर बसले. क्विल्टीबाई थेट डेलियाकडे गेल्या आणि तिला मिठी मारली.

"पोरी, तो किती गुणी होता गं! जरा वाह्यात होता, पण आता कशाला ते बोलायचं?"

"कोण?" डेलियाने विचारलं.

"कोण म्हणजे? फेलिक्स!"

"काय क्विल्टीमावशी?" फेलिक्स माझ्यामागून उठून म्हणाला.

लेंझच्या हातून हॅट पडली. बेकरीवाल्याने छातीवर क्रूस काढला. क्विल्टीबाईंनी मात्र फेलिक्सला आपादमस्तक न्याहाळलं, आणि त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. "मेला नाहीस तू? अरे, लाज नाही वाटत? मी हॅम भाजलंय!"

"चुकलं मावशी," फेलिक्स म्हणाला, "पुन्हा असं होणार नाही."

आणि मग मी ते पाहिलं. आमच्या गल्लीतली ती तीस माणसं हसत होती, पण आवाज नव्हता. रुमाल तोंडात, खांदे गदगदताहेत, डोळ्यातून पाणी, मान खाली. बेकरीवाल्याची बायको तर नवऱ्याच्या दंडाला चावत होती. यात नवल काहीच नाही. मयताला जाणाऱ्या माणसाला हे यावंच लागतं. धर्मगुरू घसरतो, मेणबत्तीवाल्याची बाही पेटते, म्हातारा मामा भलत्याच माणसाचे गुण गातो, आणि तिथे हसण्याची सोय नसते. त्यांना मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. एक चूं ऐकू येत नाही.

फेलिक्सनेही ते पाहिलं. त्याचे डोळे चमकले, पण पिंगरी तोवर हात झाडत आला होता. "कोण आहेत हे लोक? बाहेर काढा!"

"राहू द्या त्यांना," फेलिक्स म्हणाला. "पाया पडतो. मला समोर माणसं हवीत."

"हसतील!"

"हसतील," मी म्हणालो, आणि पुढे झालो. का झालो कोण जाणे. "पण ऐकू येणार नाही. हमी माझी. ऑगस्टिन ड्वायर, वडिलोपार्जित धंदा. यातला एकही माणूस आवाज करणार नाही. मी स्वतः शेवटच्या रांगेत उभा राहतो."

पिंगरीने आवाजवाल्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सोफ्याकडे, आणि म्हणाला, "या माणसाचा सोफा पाहिलाय मी. माझा विश्वास आहे." मी सगळ्यांना धंद्याचे जाड पांढरे रुमाल वाटले. लाल दिवा लागला.

काय सांगू! फेलिक्सने पहिला विनोद केला आणि तीस माणसांचे खांदे हलले. त्याने ते हलेपर्यंत वाट पाहिली आणि शांत होता होता दुसरा टाकला. त्याला आता कुठे थांबायचं ते समोर दिसत होतं. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, मुली नाचल्या, वादकांनी बरोबर जागा धरल्या. लेंझ रुमाल कमी पडला म्हणून हॅटमध्ये तोंड खुपसून बसला. क्विल्टीबाई रागावल्या होत्या त्यामुळे हसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्या नादात मांडीवरचं हॅम असं गदागदा हलत होतं की मी धावत जाऊन ते धरलं. सोफा तर वडिलांचं नाव राखून होता.

शेवटचा प्रसंग आला. मुलीचा बाप दारात येतो, मुलगी किंचाळून सोफ्यावर बेशुद्ध पडते, फेलिक्सने शेवटचं कडवं म्हणून खिडकीतून उडी मारायची. मुलगी पडली. फेलिक्स खिडकीकडे निघाला. निघता निघता त्याला शेवटच्या रांगेत हॅम धरून उभा असलेला मी दिसलो. तो थांबला. वळला. सोफ्यापाशी आला. बेशुद्ध मुलीच्या डोक्याखालची उशी त्याने दोन बोटांनी सरळ केली, मग पुन्हा जरा तिरकी करून पुन्हा सरळ केली. एक पाऊल मागे सरला. हात पोटावर बांधले. मग खिशातून चोरून घड्याळ काढलं, पाहिलं, दचकला, परत ठेवलं, आणि तोंड आंबट करून, नाकातून, अगदी हळुवारपणे म्हणाला, "घाई नको. आता वेळच वेळ आहे."

मी घड्याळ बघतो? इतकी वर्षं? मला रागच यायचा होता. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, छातीच्या तळातून, कुठेतरी अडकून पडलेलं. मी रोखायचा प्रयत्न केला. हातात हॅम होतं, रुमाल लावायला हात नव्हता. आणि मी हसलो. मोठ्याने! घोड्याच्या खिंकाळण्यासारखा एक आवाज माझ्या तोंडून निघाला, मग दुसरा, मग तर धबधबाच. माझे पडदेही तो गिळू शकले नाहीत.

तीस माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. क्विल्टीबाई म्हणाल्या, "मिस्टर ड्वायर! शोभतं का?" आणि तेही तबकडीवर गेलं.

फेलिक्स जागच्या जागी उभा होता. खिडकी, कडवं, सगळं विसरून तो माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एवढी वर्षं दर रविवारी ज्या दारावर तो धडका देत होता, ते दार असं अचानक उघडलं होतं. मग रीळ संपलं.

मी मटकन खुर्चीत बसलो. मीच हमी दिली, मीच तबकडी घालवली. "फेलिक्स," मी म्हणालो, "मला माफ कर." फेलिक्स म्हणाला, "भावजी, गेला तर गेला बोलपट," आणि मला मिठी मारून रडायला लागला. सोमवारसाठी त्याच्या मापाचा काळा टाय मी मनातल्या मनात निवडूनही ठेवला. नंतर सगळ्यांनी ते हॅम खाल्लं, कारण भाजलेलं होतंच.

पण कंपनीच्या बड्या साहेबाने तो बोलपट तसाच पाहिला आणि विचारलं, "शेवटी हसणारा नट कोण?" त्याचं म्हणणं असं पडलं की बोलपटाला लोक बिचकून बसतात, हसलं तर पुढचं वाक्य चुकेल म्हणून. त्यांना कुणीतरी परवानगी द्यायला हवी. त्याने फेलिक्सला सहा बोलपट दिले आणि अट घातली, की प्रत्येकात तो घोडा हवाच.

म्हणजे झालं काय, तर फेलिक्स सोमवारी माझ्याकडे कामाला आला नाही. मीच त्याच्याकडे जाऊ लागलो. धंदा बुडेल असं मला वाटलं होतं, तेही झालं नाही. क्विल्टीबाईंनी तर मला स्पष्ट बजावून ठेवलंय, "माझ्या वेळेला तोंड लांब करून उभे राहू नका, मला चालणार नाही."

बोलपट लागला तो फेलिक्सच्याच जुन्या नाट्यगृहात, जिथे त्याच्या फळ्या काढून कर्णे बसवले होते. डेलिया आणि मी मागच्या बाजूला बसलो. मी कॉलर वर करून. लोक सुरुवातीला खरंच बिचकत होते, इकडून तिकडून एखादी खसखस. मग ती उशी आली, ते घड्याळ आलं, ते वाक्य आलं, आणि कपाटाएवढ्या कर्ण्यातून मी खिंकाळलो. मग अख्खं नाट्यगृह फुटलं. लोक गुडघ्यांवर थापा मारत होते, आणि पडद्यावर फेलिक्स त्या सगळ्यांकडे बघत असल्यासारखा माझ्याकडे बघत उभा होता. मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो.

पुढच्या रांगेतल्या माणसाने डोळे पुसत शेजारच्याला विचारलं, "कोण हो हा गाढव?"

मी डेलियाचा हात दाबला, गप्प बस म्हणून. ती उठून उभी राहिली.

"माझा नवरा आहे तो," ती म्हणाली, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.